फ्रेया: ओस्लोच्या धक्क्यावरचे चार आठवडे

या प्रकरणाचा विचार एका छायाचित्रापासून सुरू करावा लागतो. नॉर्वेच्या मत्स्यव्यवसाय संचालनालयाने ११ ऑगस्ट २०२२ रोजी ते स्वतः प्रसिद्ध केले होते. ओस्लोच्या खाडीतील एका धक्क्यावर माणसांचा मोठा घोळका उभा आहे, त्यात लहान मुलेही आहेत, आणि हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर सुमारे ६०० किलो वजनाची एक वॉलरस (सीलच्या जातकुळीतला, सुळे असलेला समुद्री सस्तन प्राणी) मादी आहे. लोक असेच जवळ जात राहिले, तर या प्राण्याला मारण्याचा विचार करावा लागेल, असा इशारा सोबतच्या निवेदनात होता. तीन दिवसांनी, १४ ऑगस्टला रविवारी पहाटे, तिला मारण्यात आले.

नॉर्स पुराणकथांमधील प्रेमाच्या आणि सौंदर्याच्या देवतेवरून लोकांनी तिचे नाव फ्रेया ठेवले होते. ओस्लोत असताना तिने कोणाला जखमी केल्याची नोंद नाही. ती आजारी असल्याचे कोणी म्हटले नव्हते. संरक्षित प्रजातीतील एका निरोगी, तरुण मादीला, निसर्गाविषयीच्या आस्थेसाठी ओळखल्या जाणाऱ्या एका श्रीमंत देशाच्या राजधानीत, भर उन्हाळ्यात मारावे लागले. ‘मारावे लागले’ हा संचालनालयाचा शब्द झाला. तिचा मृत्यू १४ ऑगस्टला झाला असला, तरी तो निर्णय आधीच्या चार आठवड्यांत थोडाथोडा होत गेला होता आणि शेवटच्या दिवशी निवड करायला फारसे काही उरलेलेच नव्हते, असे हे प्रकरण तपासल्यावर माझे मत झाले आहे. ते का, हे सांगण्यासाठी आधी हा प्राणी नीट पाहायला हवा.

प्राणी

वॉलरसचे शास्त्रीय नाव ओडोबेनस रॉस्मेरस असे आहे आणि त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘दातांवर चालणारा’ असा होतो. वरच्या जबड्यातील दोन सुळे नरांना आणि माद्यांना, दोघांनाही असतात. मोठ्या नरांमध्ये ते मीटरभर लांब होऊ शकतात. बर्फाच्या लादीत किंवा खडकाच्या कडेत सुळे रोवायचे आणि त्यांच्या जोरावर ते अवजड शरीर पाण्याबाहेर ओढून घ्यायचे, ही त्याची रीत आहे. सुळ्यांनी तो समुद्राचा तळ खणून अन्न मिळवतो, असे पूर्वी मानले जाई, पण ते खरे नाही. अन्न शोधण्याचे काम मिशा करतात. वरच्या ओठावर चारशे ते सातशे राठ, संवेदनशील केस असतात आणि त्यांच्या साहाय्याने तो अंधाऱ्या तळावरच्या चिखलातले शिंपले चाचपून काढतो. कोकणात ज्यांना तिसऱ्या म्हणतात, त्यांच्याच जातकुळीतले दोन शिंपांचे हे जीव असतात. शिंपला सापडला की वॉलरस तो ओठांत धरतो, जीभ झटक्यात मागे घेऊन तोंडात पोकळी निर्माण करतो आणि आतले मांस शोषून घेतो. रिकाम्या शिंपा तळावरच राहतात.

या आहाराचा फ्रेयाच्या प्रकरणाशी थेट संबंध आहे. शिंपले उथळ समुद्राच्या तळावर असतात. त्यामुळे वॉलरसला एकामागून एक बुड्या माराव्या लागतात आणि मध्येमध्ये पाण्याबाहेर येऊन दीर्घ विश्रांती घ्यावी लागते. उत्तर ध्रुवीय प्रदेशात तो बर्फाच्या लाद्यांवर किंवा खडकाळ किनाऱ्यावर विसावतो, आणि तेही एकटा नव्हे, तर शेकडो सोबत्यांच्या अंगाला अंग लावून. थंड पाण्यातून नुकताच बाहेर आलेला वॉलरस फिकट, जवळजवळ राखाडी दिसतो, कारण उष्णता वाचवण्यासाठी त्वचेकडचा रक्तप्रवाह आटलेला असतो. उन्हात पडून राहिला की तो प्रवाह परत सुरू होतो आणि तेच अंग गुलाबी-तपकिरी होते. ओस्लोच्या धक्क्यावर जमलेल्या लोकांना तासन्‌तास झोपलेली, गुलाबी पडलेली जी मादी दिसत होती, ती आळशी नव्हती, आजारीही नव्हती. वॉलरसने जे करायला हवे, तेच ती करत होती. तिथे बर्फ नव्हता, कळप नव्हता, आणि पाण्यालगतच्या सपाट जागा होत्या त्या फक्त बोटींच्या आणि धक्क्यांच्या.

मादीच्या आयुष्याचे गणितही लक्षात घ्यायला हवे. गर्भधारणेचा काळ पंधरा-सोळा महिन्यांचा असतो, एका वेळी एकच पिल्लू होते आणि ते दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ आईच्या दुधावर राहते. म्हणजे साधारणपणे तीन वर्षांतून एकदाच वीण होते. फ्रेया पाचेक वर्षांची असावी, असा अंदाज होता. तिचे जननक्षम आयुष्य अजून सुरू व्हायचे होते.

नॉर्वेच्या अखत्यारीतील स्वालबार्ड द्वीपसमूहात सुमारे साडेतीनशे वर्षे वॉलरसांची कत्तल झाली. तेल, कातडे आणि सुळे यांसाठी ती इतकी झाली की १९५२ मध्ये कायद्याने संरक्षण दिले गेले तेव्हा तिथे जेमतेम मूठभर प्राणी उरले होते. संरक्षणाचे फळ फार सावकाश मिळाले. २००६ च्या हवाई गणनेत तिथली संख्या सुमारे २,६०० आढळली, २०१२ मध्ये सुमारे ३,९०० आणि २०१८ मध्ये सुमारे ५,५००. ज्या देशाने एका प्रजातीला विनाशाच्या कडेवरून मागे आणले, त्याच देशाच्या यंत्रणेने फ्रेयाचा निर्णय घेतला, हे त्या यंत्रणेवर टीका करणाऱ्याने विसरू नये. एका मादीच्या मृत्यूने प्रजातीचे भवितव्य बदलत नाही, हा संचालनालयाच्या बाजूचा युक्तिवाद संख्येच्या दृष्टीने बरोबर आहे. प्रश्न संख्येचा नाही, रीतीचा आहे.

प्रवास

ओस्लोपासून स्वालबार्ड सरळ रेषेत सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला आहे. इतक्या दक्षिणेला एकटा वॉलरस येणे दुर्मीळ आहे, पण अभूतपूर्व नाही. तरुण प्राणी कधीकधी भटकतात आणि बहुतेक वेळा परत जातात. फ्रेयाच्या नाकावर एक गुलाबी डाग होता आणि त्यावरून ती ओळखू येई. २०२१ च्या शरद ऋतूत ती जर्मनी आणि नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर दिसली. नेदरलँड्सच्या डेन हेल्डर या नाविक तळावर ती एका पाणबुडीच्या पाठीवर चढून झोपली होती आणि ती पाणबुडी ‘वॉलरस’ याच वर्गातली होती. या योगायोगाने तिला पहिली मोठी प्रसिद्धी मिळाली. त्यानंतर ती इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर आणि शेटलँड बेटांवर दिसली. पुढे डेन्मार्क आणि स्वीडनच्या किनाऱ्यांनाही तिने भेट दिली आणि २०२२ च्या उन्हाळ्यात ती दक्षिण नॉर्वेतील क्रागेरो या गावी पोहोचली. तिथे बोटींचे नुकसान झाले. १७ जुलैच्या सुमारास ती ओस्लोच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे जमिनीत खोलवर शिरलेल्या लांब, अरुंद खाडीत, शिरली.

या प्रवासात एक गोष्ट दिसते. फ्रेया कुठेही कायमची राहिली नव्हती. आठ-दहा महिन्यांत तिने अर्धा डझन देशांचे किनारे पाहिले होते आणि प्रत्येक ठिकाणाहून ती आपणहून निघून गेली होती. त्यामुळे जुलैमध्ये संचालनालयाने घेतलेली भूमिका, म्हणजे ती निरोगी आहे, खाते आहे, विश्रांती घेते आहे, तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावे, ही अनुभवाला धरून होती.

चार आठवडे

ओस्लोतला जुलै म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला थोडे सांगावे लागेल. हिवाळ्यात दिवसाचा उजेड जेमतेम सहा तास असतो, अशा शहरात उन्हाळ्याचे ते दोन महिने लोक शब्दशः पाण्यावर काढतात. शहराच्या मध्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर पोहण्याच्या जागा आणि खाजगी बोटींचे धक्के आहेत. फ्रेयाने मुक्काम केला तो फ्रॉग्नरकिलेन हा खाडीचा फाटा अशाच बोटींनी गच्च भरलेला असतो.

लहान मोटरबोटीच्या मागच्या टोकाला, पोहून आलेल्या माणसाने वर चढावे म्हणून एक फळी असते आणि तिथला काठ पाण्यापासून जेमतेम हातभर उंच असतो. फ्रेया बहुधा अशाच सखल कडेने वर येई. सुळे आणि पुढचे वल्ह्यासारखे पाय टेकवून तिने अर्धे अंग वर घेतले की बोटीचे ते टोक खाली दबायचे आणि पुढचे टोक हवेत उचलले जायचे. मग ती उरलेले शरीर आत लोटायची. बैठकींच्या गाद्या, काचेची वाऱ्याआडची पट्टी, कठड्याचे नळ यांचे जे व्हायचे ते व्हायचे, आणि बोट अगदीच लहान असली तर एका बाजूने पाणी आत येऊन बोटच बुडायची. त्या उन्हाळ्यात अनेक बोटींची अशी मोडतोड झाली, काही बुडाल्या. मालकांचे नुकसान खरे होते आणि त्यांचा त्रागा समजण्यासारखा होता. पण ते नुकसान पैशाने भरून निघणारे होते, आणि संचालनालयानेही निर्णयाचे कारण म्हणून बोटी पुढे केल्या नाहीत. कारण दिले ते माणसांच्या सुरक्षिततेचे.

त्या कारणाला आधार नव्हता, असे म्हणता येणार नाही. लोक तिच्या शेजारी पोहायला उतरत होते, मुलांना घेऊन फोटो काढायला जात होते. एकदा ती एका महिलेच्या मागे पाण्यात गेल्यावर पोलिसांनी पोहण्याची एक जागा बंद केली. वॉलरस हा मुद्दाम माणसाच्या वाटेला जाणारा प्राणी नाही, पण डिवचला गेला तर तो काय करू शकतो, याची उदाहरणे आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये फ्रान्झ जोसेफ लँड या रशियाच्या उत्तर ध्रुवीय द्वीपसमूहात रशियन नौदलाच्या मोहिमेतील एक रबरी होडी वॉलरसने बुडवली. पिल्लाच्या रक्षणासाठी मादीने तो हल्ला केला होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये चीनच्या शानडाँग प्रांतातील एका प्राणिसंग्रहालयात वॉलरससोबत स्वतःची छायाचित्रे काढणाऱ्या एका पर्यटकाला त्या प्राण्याने पाण्यात ओढले आणि त्याला वाचवायला गेलेला रखवालदारही बुडून मेला. त्या वॉलरसचा हेतू खेळण्याचा होता, असे तेव्हा सांगण्यात आले. तसे असेल तर ते अधिकच गंभीर आहे, कारण एवढ्या वजनाच्या प्राण्याच्या खेळातूनही माणूस वाचत नाही.

तेव्हा धोका होता. पण तो कोणाकडून कोणाला होता, हे नीट मांडायला हवे. प्राणी एका जागी झोपलेला होता आणि अंतर माणसे कमी करत होती. जंगली प्राण्यापासून होणाऱ्या धोक्याचे हे सामान्य चित्र नव्हे. एरवी प्राणी वस्तीत शिरतो, फिरतो, दबा धरतो आणि त्याच्या हालचालीवर माणसाचा ताबा नसतो. इथे ज्या घटकावर ताबा ठेवता आला असता, तो घटक माणूस होता. आणि नेमक्या त्याच घटकासाठी आवाहने होती, सूचना होत्या, विनंत्या होत्या. पोलिसांनी एक जागा बंद केली, गस्तीच्या बोटींनी काही काळ लक्ष ठेवले. परंतु प्राणी जिथे जाईल तिथे त्याच्याभोवती ठरावीक अंतराचे बंधनकारक क्षेत्र आखून, ते मोडणाऱ्याला जागच्या जागी दंड करून, हे चारही आठवडे सलग राखले गेल्याचे सार्वजनिक नोंदीत दिसत नाही. भर सारा लोकांच्या समजूतदारपणावर होता. ११ ऑगस्टचे ते छायाचित्र म्हणजे त्या भरवशाचा निकाल होता, आणि त्या निकालाची शिक्षा छायाचित्रातल्या एकमेव निर्दोष जिवाला झाली. हे मी रागाने लिहितो आहे, हे लपवण्याचे कारण नाही.

तिच्या ठावठिकाण्याविषयीही बोलले पाहिजे. फ्रेया कुठे आहे, हे त्या उन्हाळ्यात कोणालाही कळू शकत होते. एका जीवशास्त्रज्ञाने तिच्या नोंदींचा नकाशा ठेवला होता, तो अभ्यासाच्या हेतूने. वृत्तवाहिन्या तिचे थेट चित्रण दाखवत होत्या. यातले कोणतेही एकटे कृत्य दोषास्पद नव्हते. पण एकत्रितपणे त्यांनी एक पत्ता तयार केला, आणि पत्ता मिळाला की माणूस भेटायला जातो. आपल्याकडेही बिबट्या दिसल्याचा व्हिडिओ ठिकाणासह पसरला की वनखात्याची माणसे पोहोचण्याआधी बघे पोहोचतात, आणि मग सुटकेच्या कामातला अर्धा वेळ गर्दी मागे सारण्यातच जातो.

तिला हलवता आले नसते का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला गेला आणि त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. नॉर्वेच्या सागरी संशोधन संस्थेसोबत संचालनालयाने स्थलांतराचा पर्याय तपासला आणि तो व्यवहार्य नाही, असा निष्कर्ष काढला. बाहेरून पाहणाऱ्याला यात टाळाटाळ दिसते, पण अडचणी खऱ्या होत्या.

पहिली अडचण भुलेची. वॉलरससारख्या प्राण्याला भूल दिली की तो घाबरून आधी पाण्याकडे धाव घेतो आणि तिथे भूल चढली तर बुडतो. जमिनीवरही भुलेखाली श्वास मंदावतो, आणि सहाशे किलोंचे शरीर स्वतःच्याच वजनाखाली पडून असते. दुसरी अडचण वाहतुकीची. जाळे किंवा पिंजरा लावून, क्रेनने उचलून, दिवसचे दिवस थंड ठेवत दोन हजार किलोमीटर नेणे म्हणजे प्राण्यावर प्रचंड ताण. याचे ताजे उदाहरण तेव्हा डोळ्यांसमोर होते. १० ऑगस्ट २०२२ रोजी, म्हणजे ओस्लोतले ते छायाचित्र प्रसिद्ध होण्याच्या आदल्याच दिवशी, फ्रान्समध्ये सेन नदीत वाट चुकून आलेल्या बेलुगा व्हेलला पाण्याबाहेर काढून समुद्राकडे नेत असताना त्याचा श्वासोच्छ्वास बिघडला आणि त्याला दयामरण द्यावे लागले. तिथे डझनावारी पशुवैद्य, पाणबुडे आणि मोठी यंत्रणा राबत होती. सदिच्छा भरपूर असूनही प्राणी वाचला नाही. कोकणातल्या वाचकाला नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला लागलेले व्हेलचे पिल्लू आठवेल. स्थानिक लोक, वनखाते, तटरक्षक दल यांनी अतोनात कष्ट करून ते समुद्रात नेले, आणि तरीही ते वाचले नाही.

त्यामुळे फ्रेयाला हलवले नाही, म्हणून संचालनालयाला दोष देणे मला पटत नाही. दुसरीकडे नेऊन सोडल्यावर ती परत आलीच नसती, याची खात्रीही कोणी देऊ शकले नसते. पण ‘हलवणे’ आणि ‘मारणे’ एवढ्या दोनच पर्यायांत जेव्हा चर्चा अडकते, तेव्हा तिसरा पर्याय, म्हणजे प्राणी आहे तिथे राहू देऊन माणसांना हलवणे, हा बाजूला पडतो. सुदैवाने त्या तिसऱ्या पर्यायाची दोन उदाहरणे आपल्यासमोर आहेत.

वॉली आणि थॉर

मार्च २०२१ मध्ये आयर्लंडच्या व्हॅलेंशिया बेटावर एक तरुण नर वॉलरस दिसला. त्याला वॉली हे नाव मिळाले. तिथून तो वेल्समधल्या टेन्बी गावी गेला आणि जीवरक्षक नौका पाण्यात सोडण्याच्या उतारावरच त्याने बिऱ्हाड मांडले. पुढे कॉर्नवॉल, फ्रान्स, स्पेन असे करत तो इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सिली बेटांवर आला आणि फ्रेयाने जे वर्षभराने केले, तेच त्याने केले. तो बोटींवर चढला, त्यांची मोडतोड केली, काही बुडवल्या.

सिली बेटांवरच्या कार्यकर्त्यांनी आणि सागरी प्राण्यांच्या सुटकेचे काम करणाऱ्या ब्रिटिश संस्थेने त्याच्यासाठी बंदरात वेगळा तराफा ठेवला. नुसता तराफा ठेवून भागत नाही, कारण प्राणी अनोळखी जागी चढेलच असे नाही. म्हणून तो ज्या बोटीवर झोपत असे, ती टॉवेलांनी पुसून, त्या टॉवेलांना लागलेला त्याचा वास तराफ्याला देण्यात आला. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. प्राण्याची गरज काय, म्हणजे पाण्यालगत एक स्थिर, सपाट, ओळखीच्या वासाची जागा, हे कोणीतरी शांतपणे ओळखले आणि टॉवेलाइतक्या साध्या वस्तूने त्यावर उपाय काढला. वॉली तराफ्यावर विसावू लागला. उन्हाळ्याच्या शेवटी तो पुन्हा आयर्लंडला दिसला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आइसलँडच्या होफ्न बंदरात. तो घराच्या वाटेला लागला होता.

दुसरे उदाहरण फ्रेयाच्या मृत्यूनंतरचे आहे. ३० डिसेंबर २०२२ च्या संध्याकाळी इंग्लंडच्या स्कारबरो बंदरात थॉर नावाने ओळखला जाणारा वॉलरस येऊन विसावला. त्याच्याभोवती अडथळे उभारून लोकांना लांब ठेवण्यात आले. दुसऱ्या दिवशी वर्षअखेरची आतषबाजी होती आणि शहरात त्यासाठी लोक येणार होते. प्राण्याला त्रास होईल, असा सल्ला मिळाल्यावर नगर प्रशासनाने ती आतषबाजीच रद्द केली. थॉर विश्रांती घेऊन निघून गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तोही आइसलँडच्या किनाऱ्यावर ओळखला गेला.

ही तुलना ताणू नये. स्कारबरोतला मुक्काम एका दिवसाचा होता आणि हिवाळ्यात पाण्यात कोणी पोहत नसते. सिली ही छोटी बेटे आहेत, तिथे राजधानीची गर्दी नाही. वॉली तेव्हा वयाने आणि आकाराने लहान होता. ओस्लोचे काम या दोन्हींपेक्षा निश्चितच कठीण होते. तरीही, कठीण असणे आणि करून न पाहणे यांत फरक आहे. फ्रॉग्नरकिलेनमध्ये एखादा वास लावलेला तराफा, त्याच्याभोवती दोरांनी आणि गस्तीने राखलेले पाणी, आणि ते ओलांडणाऱ्याला भरपूर दंड, एवढे चार आठवडे करून पाहिल्यावरही परिस्थिती हाताबाहेर गेली असती, तर १४ ऑगस्टच्या निर्णयाविषयी मी हा लेख लिहिला नसता.

लोकांच्या मनातला वॉलरस

लोक इतक्या जवळ का गेले? वाघाच्या किंवा अस्वलाच्या जवळ ओस्लोतले आईबाप मुलाला घेऊन गेले नसते. वॉलरसच्या जवळ गेले, कारण त्याच्याविषयी जी प्रतिमा मनात होती, ती धोक्याची नव्हती.

ही प्रतिमा कशी बदलत आली, हे पाहण्यासारखे आहे. सोळाव्या शतकातले स्वीडिश धर्मगुरू ओलाउस मॅग्नस यांनी वॉलरस रंगवला तो दातांनी कडे चढणारा समुद्रराक्षस म्हणून. अल्ब्रेख्ट ड्यूरर यांनी १५२१ मध्ये काढलेले वॉलरसचे मस्तक आजही पाहणाऱ्याला दचकवते. त्याआधीच्या काळात हा प्राणी युरोपच्या बहुतेक लोकांना फक्त सुळ्यांच्या रूपात माहीत होता. १८३१ मध्ये स्कॉटलंडच्या लुईस बेटावर सापडलेल्या, बाराव्या शतकातल्या बुद्धिबळाच्या प्रसिद्ध सोंगट्या बहुतांशी वॉलरसच्या सुळ्यांपासून कोरलेल्या आहेत. राजा, राणी, धर्मगुरू, सगळे एका प्राण्याच्या दातातून घडले, पण तो प्राणी घडवणाऱ्याने बहुधा पाहिलाही नसेल.

न पाहिलेल्या प्राण्याविषयी किती चूक होऊ शकते, याचा पुरावा लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात आहे. तिथे कॅनडाच्या हडसन उपसागराकडून आणलेला, पेंढा भरलेला एक वॉलरस शंभराहून अधिक वर्षे आहे. १८८६ साली लंडनला भरलेल्या वसाहती आणि हिंदुस्थान यांच्या प्रदर्शनातही तो मांडला होता. ज्यांनी त्यात पेंढा भरला, त्यांना वॉलरसच्या कातडीला खोल घड्या असतात हे माहीत नव्हते. त्यामुळे ते भरत गेले, भरत गेले, शेवटची सुरकुती नाहीशी होईपर्यंत भरत गेले, आणि फुग्यासारखा तट्ट फुगलेला, गुळगुळीत प्राणी तयार झाला. आज तो संग्रहालयाचा सर्वांत लाडका रहिवासी आहे. मुले त्याच्यासमोर हसतात. त्यांना तो आवडतो यात काही वाईट नाही, पण ती कातडी एका मारलेल्या प्राण्याची आहे आणि तिचा आकार आपल्या अज्ञानाचा आहे, हेही खरे आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी बालकवितेने वॉलरसला गोड बोलणारा, लबाड गृहस्थ बनवले. पुढे चित्रपट, व्यंगचित्रे आणि जाहिराती यांनी त्याला गलेलठ्ठ, मिशाळ, झोपाळू आजोबांचे रूप दिले. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात बादलीसाठी रडणारा एक ‘वॉलरस’ जगभर गाजला. तो प्रत्यक्षात जपानमधल्या एनोशिमा मत्स्यालयातला एलिफंट सील होता, पण ते तपासायची गरज फार थोड्यांना वाटली. ज्यांचे आयुष्य या प्राण्यावर अवलंबून राहिले, त्या उत्तर ध्रुवीय प्रदेशातल्या इनुइट, युपिक आणि चुकची लोकांच्या मनातला वॉलरस असा कधीच नव्हता. छोट्या नावेतून त्याच्याजवळ जाणे म्हणजे काय, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

फ्रेयाला नाव मिळाले, त्या क्षणापासून ती या गोड मालिकेत सामील झाली. नाव दिल्याने माया वाटते, आणि त्या मायेतूनच पुढे तिच्यासाठी हजारो लोक हळहळले, हे मान्य आहे. परंतु नाव असलेला प्राणी ओळखीचा वाटू लागतो, ओळखीच्याजवळ जायला परवानगी लागत नाही, आणि प्राण्याला मात्र आपले नाव माहीत नसते. तिच्या जवळ गेलेल्या बहुतेकांचे तिच्यावर प्रेम होते, यात मला शंका नाही. म्हणूनच नुसत्या प्रबोधनाने हा प्रश्न सुटला नसता. माणूस वाईट हेतूने जात असेल, तर त्याला लाज वाटण्याची शक्यता असते. प्रेमाने जाणाऱ्याला दोरी लागते.

नंतर

संचालनालयाचे महासंचालक फ्रांक बाके-येन्सेन यांनी निर्णयाचे समर्थन केले. प्राण्यांच्या कल्याणाची आपल्याला कदर आहे, पण मानवी जीव आणि सुरक्षितता यांना प्राधान्य द्यावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. पंतप्रधान योनास गार स्टोरे यांनीही निर्णय योग्य असल्याचे सांगितले. फ्रेयाचे शव तपासणीसाठी नॉर्वेच्या पशुवैद्यक संस्थेकडे पाठवण्यात आले. टीकाही तितकीच तीव्र झाली. घाई झाली, सगळे पर्याय संपले नव्हते, उन्हाळा सरला की गर्दी आपोआप ओसरली असती, असे अनेकांनी म्हटले. यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत टोचतो. ओस्लोत ऑगस्टच्या उत्तरार्धात शाळा पुन्हा सुरू होतात, पाणी गार होऊ लागते, बोटी हळूहळू किनाऱ्यावर ओढल्या जातात. आणखी तीन-चार आठवड्यांत ते धक्के बरेचसे रिकामे झाले असते.

त्यानंतर लोकवर्गणी सुरू झाली आणि अडीच लाखांहून अधिक क्रोनर जमा झाले. शिल्पकार आस्त्री तोनोइयान यांनी तिचा प्रत्यक्ष आकाराचा कांस्य पुतळा घडवला. २९ एप्रिल २०२३ रोजी, ती जिथे विसावत असे त्या फ्रॉग्नरकिलेनच्या काठी, कोंगेन मरिनाजवळच्या खडकांवर त्याचे अनावरण झाले. पुतळ्यातली फ्रेया कुशीवर पडलेली आहे. शिल्पाला ‘आमच्या पापांसाठी’ असे नाव दिले आहे. समोर बोटी बांधलेल्या असतात, आणि उन्हाळ्यात पोहून आलेली मुले तिच्या पाठीला टेकून ऊन खात बसू शकतात.